मदत हवी आहे: समाजोपयोगी कामासाठी इंडस्ट्रियल डिझाइन शिकायचंय, कोर्स कसा पारखावा?

नमस्कार मंडळी,

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे इंडस्ट्रियल डिझाइनमध्ये मास्टर्स करायचं जवळपास ठरलंय. नवा हेडफोन घडवण्यात मला रस नाही. अपंगांची साधनं, पाणी, प्राथमिक आरोग्य अशा कामांत पडायचंय. पण हल्ली ज्या त्या डिझाइन स्कूलच्या माहितीपत्रकात 'सामाजिक बदल' असतोच. त्यातलं खरं किती आणि शोभेचं किती, हे प्रवेश घेण्याआधी कसं ओळखायचं?

धास्ती वाटते ती प्लेपंपची गोष्ट वाचल्यापासून. मुलं चक्रावर गोल गोल खेळणार आणि त्या जोरावर पाणी टाकीत चढणार. कल्पना अशी की कुणीही भुलेल! आफ्रिकेच्या दक्षिण भागात हे पंप शेकड्यांनी बसले. पण एका पंपावर ठरवलेल्या २५०० माणसांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशोब 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने २००९मध्ये मांडला. मुलं नसली की ते जड चाक बायकांनी ढकलायचं. बिघडलं तर गावात कुणाला दुरुस्त करता यायचं नाही. बक्षिसं मात्र आधीच मिळून गेली होती.

उलट उदाहरण एम्ब्रेसचं. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना २००७मध्ये वर्गात काम मिळालं होतं स्वस्त इन्क्युबेटरचं. नेपाळला जाऊन पाहिल्यावर कळलं की कमी वजनाची बरीच बाळं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. मग त्यांनी वीज सतत न लागणारी, मेणासारख्या पदार्थाची पिशवी आत ठेवून ३७ अंशांच्या आसपास ऊब देणारी झोळी केली. म्हणजे दिलेला प्रश्नच बदलला. असं करायची मुभा कुठल्या कोर्समध्ये मिळते, तेच मला शोधायचंय.

शिवाय अशा कामाचा पगार देतं कोण? आणि माझं स्केचिंग यथातथाच आहे, त्याने अडेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांना एकच विचारा: ज्यूरी (परीक्षकांपुढचं शेवटचं सादरीकरण) झाल्यावर तुमच्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं? 'प्रोटोटाइप कपाटात आहे' हेच उत्तर सगळीकडून आलं तर समजून जा. दुसरं म्हणजे वर्कशॉप बघा आणि फील्डवर्क किती वेळा होतं ते विचारा. एकदाच जाऊन फोटो काढून येणं म्हणजे सहल. वापरणाऱ्यांकडे वस्तू परत नेऊन, त्यांची नाराजी ऐकून, पुन्हा बदलायला सेमिस्टरमध्ये जागा हवी. अमेरिकेतल्या एमआयटीचा डी-लॅब बघून ठेवा, तिथे समाजातल्या लोकांबरोबर बसून वस्तू घडवण्यावर भर आहे.

पगाराचं स्पष्ट सांगतो. या क्षेत्रात थेट नोकऱ्या कमी आहेत. वैद्यकीय उपकरणं आणि सहायक साधनं करणाऱ्या कंपन्या, काही संस्था, थोडे स्टार्टअप, बस्स. माझं मत, पहिली काही वर्षं साध्या उत्पादन कंपनीत काढा, मिक्सरच्या का असेना. मोल्डचा (साच्याचा) खर्च, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो), सुटा भाग कुठे मिळेल, हे तिथेच अंगवळणी पडतं, आणि चांगल्या हेतूच्या वस्तू बहुतेक वेळा इथेच मार खातात. एमआयटीतच घडलेली लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर ही लिव्हर ढकलून चालवायची व्हीलचेअर पाहा. तिच्यात मुद्दाम सायकलचे भाग घातलेत, म्हणजे सायकल दुरुस्त होते तिथे तीही होईल. हा निर्णय दयेतून सुचत नाही, उत्पादनाची जाण लागते.

आणि 'सामाजिक' म्हणजे फक्त गरिबांसाठी, असं धरून चालू नका. ऑक्सो या कंपनीचं १९९०चं जाड, मऊ मुठीचं सोलाणं संधिवाताने हात दुखणाऱ्या बाईचा त्रास बघून सुरू झालं आणि सगळ्यांनीच विकत घेतलं. मला तरी ते कित्येक पुरस्कारप्राप्त प्रकल्पांपेक्षा मोठं काम वाटतं.

मूळ धागाकर्ता

खूप आभार, डोक्यातला बराच गुंता सुटला. स्केचिंगचं राहिलंच की!

प्रतिसाद

देखणं नसलं तरी चालतं. जोड कुठे आहे, हात कुठून धरणार, हे चित्रातून समोरच्याला कळलं पाहिजे. रोज एक वस्तू खोलून तिचे भाग सुटे सुटे काढून दाखवायचा सराव करा. इंजिनिअरला ते जमतं. पुठ्ठ्याची मॉडेल्सही करा, पोर्टफोलिओत त्यांचे फोटो घाला.