पानिपतावर लिहिताना : बुणगे, कुणबिणी आणि बैलांचा हिशेब (अनुभव)

कोरांटी :
तिळगुळासोबत पानिपतावरच्या कथाही आल्या, आणि चूक तीच : '१४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा दिवस'. त्या वर्षी संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. (संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे सरकते. ताळा करा : विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, मकरसंक्रांत.) लढाई पौष शुद्ध अष्टमीची, बुधवार. म्हणजे रात्री अर्धा चंद्र, मावळणार मध्यरात्रीनंतर. पळणाऱ्या बायकापोरांचा प्रसंग लिहिताना उजेड कधीपर्यंत ते आधी ठरवा. पाठलाग करणाऱ्यालाही तोच चंद्र. तुम्ही लोकांनी बुणगे, म्हणजे फौजेबरोबरची न लढणारी माणसं, कसे लिहिलेत? टाका.

भाकरतुकडा :
बैलांपासून सुरू करा. लाख पोटं धरू, माणशी अर्धा किलो, रोज ५० टन. बैलामागे १२० किलो धरले तर रोज चारशेवर बैल आत यायला हवेत. बैलांवर धान्य वाहणाऱ्या लमाणांचा तांडा दिवसाला तीन-चार कोसच चालतो, बैल चरत जातात ना. डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची वाट तुटली. आधी संपते वैरण, मग जनावरं मरतात, मग बाहेर धान्य असूनही आणणार कशावर? कथांत मात्र थेट माणसंच उपाशी.

मोडीवाली :
कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे!! पेशवाईच्या कागदांत ती दासी, विकत घेतलेली नाहीतर धरून आणलेली. दळण, शेणपाणी तिच्याकडे. हरल्यावर धरून नेलेल्यांत ती आणि तिची मालकीण एकाच दोरीला. मालकिणीला हे नवीन, हिला दुसऱ्यांदा. प्रसंग तिच्या नजरेतून लिहा, रडारड आपोआप कमी होते.

रिकामटेकडी :
कुकर लावलाय, सावकाश वाचते. मोडीवाली, _/\_

गवतीचहा :
काडेपेटी १८२७ नंतरची. छावणीत चकमक, कापूस, नाहीतर शेजारच्या चुलीतला विस्तव. थंडीत कापूस दमट झाला की ठिणगी धरत नाही, म्हणून शेणीत निखारा राखून ठेवायचा. टोमॅटोही नको. एकादशीला साबुदाणा तर नकोच, तमिळनाडूतल्या सेलमचे साबुदाण्याचे कारखाने १९४० च्या दशकातले.

रिकामटेकडी :
मग उपासाला काय बिचाऱ्यांना?

गवतीचहा :
वरी, शिंगाडा. वेढ्यात रोजच एकादशी म्हणा.

भाकरतुकडा :
:( बुगती मराठ्यांवर (पानिपतावरून बलुचिस्तानात नेलेल्यांचे वंशज म्हणवणारे) कुणी लिहिलंय का?

कोरांटी :
त्याला वेगळा धागा काढ बाबा. रिकामटेकडी, किती शिट्ट्या झाल्या?