नव्या गाडीचा गिअरबॉक्स: बी विंग, पर्वरी

नीलेश (बी-२०३): सकाळी सकाळी माफ करा मंडळी. पार्किंगच्या उतारावर माझी गाडी अडकलीय. रिव्हर्स पडतच नाही. चवथीला घेतलेली गाडी, अजून ५ हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत.

स्नेहा (सी-३०२): माझी गाडी बरोबर तिच्या मागे आहे 🙈 पणजीला पोचायचंय मला.

सेक्रेटरी: न्यूट्रलला येत असेल तर चौघं मिळून ढकलू. वॉचमनला पाठवतो.

प्रभुदेसाई काका (ए-१०१): ढकला, पण दोरी बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेऊ नका रे. ऑटोमॅटिक गाडी आहे. पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतलं आणखी बिघडेल. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन कर आणि गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागव.

नीलेश: हो काका. तोच मागवला.

(संध्याकाळी)

नीलेश: सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात क्लच जळलाय, क्लच झिजणारा पार्ट म्हणून वॉरंटीत बसत नाही. वर, "तुम्ही ट्रॅफिकमध्ये चुकीची चालवता." खर्च लाखाच्या वर सांगितलाय.

राजू (बी-१०२): पर्वरीत राहून ट्रॅफिक चुकवायचा कसा ते पण सांगायचं होतं ना त्यांनी. उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून ओ कोकेरो चौकात गाडी चालते कुठे, सरपटते.

प्रभुदेसाई काका: नीलेश, तुझ्या गाडीत ड्राय ड्युअल क्लच आहे. दोन क्लच असतात, एक १-३-५ या गिअरांसाठी, दुसरा २-४-६ साठी. तेलात बुडालेले नसतात, हवेनेच थंड होतात. गाडी मुंगीच्या पावलाने चालली की क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो आणि तापतो. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तरी तेच. म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण मला एक सांग, गिअरबॉक्स खाली उतरवला का त्यांनी?

नीलेश: नाही. स्कॅनर लावला फक्त.

प्रभुदेसाई काका: मग क्लच जळलेला दिसला कुठून? रिव्हर्स न पडायला क्लच ढकलणारा ॲक्च्युएटर अडकलेला असू शकतो, कंट्रोल युनिट गेलेलं असू शकतं, नुसता सेन्सरही असू शकतो. स्कॅनरमध्ये आलेले एरर कोड छापून माग. आणि तुझ्यासमोर उघडल्याशिवाय एका पैशालाही हो म्हणू नकोस. बसच्या गिअरबॉक्सात आयुष्य गेलं माझं, न उघडता निदान करणारे बरेच पाहिले.

रोहन (ए-३०४): कशाला एवढं? सरळ नवीन गाडी मागायची. नाहीतर शोरूमसमोर गाडी उभी करून बॅनर लावायचा.

शुभदाताई (बी-४०१): रोहन, बॅनर लावून फोटो छान येतील, बाकी काही नाही. गाडी बदलून देण्याचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. क्लचच्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये म्हटलंय, वॉरंटीत पार्ट दुरुस्त करायचं किंवा बदलायचं कबूल केलेलं असेल तर कंपनीची जबाबदारी तेवढीच, अख्खी गाडी नाही. मूळ उत्पादनातलाच दोष सिद्ध झाला तर गोष्ट निराळी. म्हणून नीलेश, आधी जॉब कार्ड बघ, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटरने भरलेला कागद. तुझी तक्रार तुझ्या शब्दांत लिहिलीय का?

नीलेश: "जनरल चेकअप" लिहिलंय.

शुभदाताई: बघ! उद्या जाऊन "रिव्हर्स गिअर पडत नाही, तारीख, किलोमीटर" असं लिहून घे. वॉरंटी नाकारतायत ना, मग पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली, ते ईमेलवर माग. कंपनी आणि डीलर दोघांनाही एकाच मेलमध्ये ठेव. बहुतेक वेळा इथेच गाडी रुळावर येते. नाही आली तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदव, मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात, तू राहतोस तिथेच दाखल करता येतं, दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. तुझी गाडी कितीची?

नीलेश: १३ लाख.

शुभदाताई: मग फी ४०० रुपये. दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो. आणि रागाने हप्ते थांबवू नकोस हं, बँकेचा करार वेगळा आहे.

राजू: इन्शुरन्समधून नाही होणार?

शुभदाताई: अपघात नाही, यांत्रिक बिघाड आहे. नाही होणार.

(पुढच्या आठवड्यात)

नीलेश: माझ्यासमोर उघडला. क्लचच्या प्लेटा ठीक आहेत, ॲक्च्युएटर अडकला होता. वॉरंटीत बदलून देणार. मेल गेल्यावर आवाजच बदलला त्यांचा! काका, ताई, देव बरें करूं 🙏

प्रभुदेसाई काका: बरं झालं. बिलावर नव्या पार्टचा नंबर लिहून घे, आणि सॉफ्टवेअर अपडेट केला का ते विचार. ट्रायलला तू स्वतः बस, गाडी गरम झाल्यावर चढावर रिव्हर्स घेऊन बघ. थंड गाडी सगळीच शहाणी असते.

शुभदाताई: त्या पार्टची वॉरंटी कधीपर्यंत, ते लेखी घे. बहुतेकदा मूळ वॉरंटीसोबतच संपते, वाढवून मागायला हीच वेळ.

स्नेहा: गाडी कधी येणार नीलेश? तोवर तुझी पार्किंग रिकामी असेल तर रविवारी साखळीहून माझे पाहुणे येणार आहेत.

सेक्रेटरी: पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर. नियम पिन करून ठेवलाय.