बसायला खुर्ची, पण ‘अ चेअर टू सिट ऑन’: इंग्रजी वाक्याच्या शेवटचं प्रिपोझिशन

प्रश्न: ‘द हाउस आय लिव्ह इन’ आणि ‘द हाउस इन व्हिच आय लिव्ह’ यांपैकी बरोबर कोणतं? वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येता कामा नये, असं शाळेत शिकवलं होतं. शिवाय ‘द हाउस आय लिव्ह’ एवढ्यावर का भागत नाही? मराठीत ‘मी राहतो ते घर’ म्हटलं की काम होतं.

उत्तर: तुमची शेवटची शंका आधी घेतो, कारण आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं.

मराठीत ही गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सविस्तर: ‘ज्या घरात मी राहतो ते घर’. यातला ‘त’ घराला चिकटलेला आहे, त्याला सुटा करून वाक्याच्या शेवटी नेता येत नाही. दुसरी रोजच्या बोलण्यातली: ‘मी राहतो ते घर’, ‘आम्ही बसतो तो कट्टा’, ‘तू लिहितोस ते पेन’. या तऱ्हेत ‘त’, ‘वर’, ‘ने’ सगळे गळून पडतात आणि कोणाचंही काही अडत नाही. कट्ट्यावरच बसतात आणि पेनानेच लिहितात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. मराठी तेवढं त्याच्यावर सोपवते.

इंग्रजी सोपवत नाही. घर पुढे काढून घेतलं तरी ‘इन’ आपल्या जागी उभाच राहतो: ‘द हाउस आय लिव्ह इन’. ‘द बेंच वी सिट ऑन’, ‘द पेन यू राइट विथ’ हेही तसंच. आपण मनात दुसऱ्या तऱ्हेची मराठी जुळवतो आणि ‘द बेंच वी सिट’ म्हणून मोकळे होतो. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, मराठीच्या काटकसरीची ती सवय आहे. शिकवणाऱ्यांनी नुसतं चूक म्हणून लाल रेघ ओढण्यापेक्षा हे कारण सांगावं, असं मला फार वाटतं.

हीच काटकसर ‘-आयला’ लावलेल्या रूपात आणखी ठळक दिसते. राहायला घर, बसायला खुर्ची, लिहायला कागद. इंग्रजीत ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘पेपर टू राइट ऑन’. आता ‘प्यायला पाणी’ आणि ‘प्यायला भांडं’ ही जोडी शेजारी ठेवून पाहा. मराठीत दोन्हींची घडण हुबेहूब एक. पाणी पितात आणि भांड्याने पितात, हा फरक व्याकरणात कुठेच उमटत नाही. इंग्रजीत मात्र ‘वॉटर टू ड्रिंक’, पण ‘अ ग्लास टू ड्रिंक फ्रॉम’. तो ‘फ्रॉम’ गाळला तर इंग्रजी कानाला ग्लासच पिऊन टाकल्यासारखं वाटतं.

म्हणून ताळा असा करायचा: आधी साधं, सरळ वाक्य मनात म्हणायचं. ‘आय लिव्ह इन द हाउस’. मग ‘द हाउस’ उचलून पुढे आणायचं आणि उरलेलं जसंच्या तसं ठेवायचं. ‘आय वॉज वेटिंग फॉर द बस’ वरून ‘द बस आय वॉज वेटिंग फॉर’. सरळ वाक्यात प्रिपोझिशन नसेल तर जोडवाक्यातही येणार नाही. आपण ‘त्या विषयाबद्दल चर्चा’ करतो म्हणून ‘द टॉपिक वी डिस्कस्ड अबाउट’ निघतं, पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागतच नाही. ‘रीच’ला ‘अ‍ॅट’ लागत नाही. ‘मॅरी’चंही तसंच. आपण त्याच्या‘शी’ लग्न करतो, तरी ‘द मॅन शी मॅरीड’. ‘गॉट मॅरीड’ म्हटलंत की मात्र ‘टू’ आलाच: ‘द मॅन शी गॉट मॅरीड टू’.

या नियमाला इंग्रजीने स्वतःच काही सवलती दिल्या आहेत. ‘द डे वी मेट’ याला ‘ऑन’ लागत नाही, ‘द वे शी टॉक्स’ याला ‘इन’ लागत नाही. दिवस, वेळ, रीत, कारण यांसारख्या व्यापक नामांबरोबर प्रिपोझिशन सहज गळतं. ‘प्लेस’लाही बोलण्यात ही सूट आहे: ‘द प्लेस वी स्टेड’, ‘अ प्लेस टू लिव्ह’ सर्रास चालतं. ‘हाउस’ला ती नाही, ‘हॉटेल’ला नाही, ‘व्हिलेज’लाही नाही.

आता शाळेतला नियम. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या एका नाटकातली ‘द बॉडीज दॅट दोज सोल्स वर फ्रायटेड फ्रॉम’ ही ओळ काढून तिच्या शेवटच्या ‘फ्रॉम’वर बोट ठेवलं. आपल्याही लेखनात हा दोष अलीकडे दिसू लागल्याचं त्याने तिथेच लिहिलं, आणि 1668 मधला स्वतःचा नाट्यकलेवरचा निबंध 1684 मध्ये पुन्हा छापताना त्यातली अशी वाक्यं बदलली. पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात ‘इन व्हिच’ची रचना अधिक डौलदार आणि गंभीर लेखनाला शोभणारी ठरवली. पण शेवटी प्रिपोझिशन ठेवण्याकडे आपल्या भाषेचा मोठा ओढा आहे, हे मान्य करताना त्याने लिहिलेलं वाक्यच ‘व्हिच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू’ असं आहे! त्याने मनाई केलीच नव्हती. मनाई पुढच्या शाळामास्तरांची. 1926 मध्ये कोशकार फाउलरने तिला जपून ठेवलेली अंधश्रद्धा म्हटलं, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली, तरी आपल्याकडच्या वर्गांत ती जिवंत आहे.

मुळात शेवटचं प्रिपोझिशन ही इंग्रजीची जुनी, घरची चाल. जुन्या इंग्रजीत ‘थे’ नावाचा एक न बदलणारा शब्द संबंधी वाक्य जोडायचा आणि त्याच्याबरोबर प्रिपोझिशन मागे, क्रियापदाजवळच राहायचं. ‘व्हिच’, ‘हूम’ हे संबंधी सर्वनाम म्हणून नंतर, मध्ययुगीन इंग्रजीत रुळले. जुनी चाल आज ‘दॅट’मध्ये दिसते. ‘द हाउस दॅट आय लिव्ह इन’ ठीक, पण ‘इन दॅट आय लिव्ह’ कधीच होत नाही. प्रिपोझिशन ओढून पुढे न्यायला ‘व्हिच’ किंवा ‘हूम’च लागतो. या ओढून नेण्याला भाषाशास्त्रात ‘पाइड पायपिंग’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस याच्या 1967 च्या प्रबंधापासून रूढ झालेलं हे नाव, उंदरांना आपल्यामागे ओढून नेणाऱ्या गोष्टीतल्या हॅमेलिनच्या पुंगीवाल्यावरून पडलं.

तेव्हा तुमची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिलं बोलण्यातलं, दुसरं अर्जातलं किंवा प्रबंधातलं. ‘ज्या घरात’ ही आपली सविस्तर तऱ्हा ‘इन व्हिच’शी तंतोतंत जुळते, त्यामुळे व्याकरण घोटून शिकलेला मराठी माणूस गप्पा मारतानाही ‘द फ्रेंड विथ हूम आय वेंट’ म्हणतो. चूक काहीच नाही, पण चहाच्या टपरीवर करारनामा वाचल्यासारखं वाटतं.

उपप्रश्न: मग ‘इन व्हिच’ नेहमीच चालेल ना, फक्त जड वाटेल एवढंच?

उत्तर: नाही. ‘द वर्ड आय लुक्ड अप’ घ्या, म्हणजे कोशात पाहिलेला शब्द. इथला ‘अप’ प्रिपोझिशन नसून क्रियापदाचाच अवयव आहे. ‘द वर्ड अप व्हिच आय लुक्ड’ असं कुणी म्हणणार नाही. पण ‘द चिमनी आय लुक्ड अप’ म्हणजे धुराड्यात खालून वर पाहिलं. इथला ‘अप’ खरा प्रिपोझिशन, म्हणून ‘द चिमनी अप व्हिच आय लुक्ड’ व्याकरणात बसतं. ‘पुट अप विथ’ (सहन करणं) तर तीन शब्दांचं एकच क्रियापद. ते तोडू नका.

उलट बाजूही आहे. ‘ड्युरिंग’ शेवटी सहसा ठेवत नाहीत. ‘द मीटिंग ड्युरिंग व्हिच ही स्लेप्ट’ असंच लिहावं लागतं. ‘सम ऑफ व्हिच’, ‘अ‍ॅज अ रिझल्ट ऑफ व्हिच’ हेही एकत्रच पुढे जातात.

उपप्रश्न: ‘द सिटी इन व्हिच आय लिव्ह इन’ असं दोनदा बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. ही भारतीय इंग्रजीची खासियत का?

उत्तर: आपलीच म्हणता येणार नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलता बोलता असं म्हणून जातात, आणि शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये ‘व्हेअरइन वी प्ले इन’ आहेच. तरी आजच्या लेखनात ही चूकच धरतात. ‘व्हेअर आय लिव्ह इन’सुद्धा टाळा, कारण ‘जिथे’मध्ये जसा ‘त’चा अर्थ आलेला असतो तसा ‘व्हेअर’मध्ये ‘इन’ आलेला असतो.

उपप्रश्न: ‘हू’ आणि ‘हूम’चं काय?

उत्तर: प्रिपोझिशन लगेच आधी असेल तर ‘हूम’: ‘द लेडी टू हूम आय स्पोक’. ‘टू हू’ कानाला खटकतं. प्रिपोझिशन शेवटी गेलं की ‘हू’ बिनधास्त वापरा, नाहीतर तो शब्दच गाळा: ‘द लेडी आय स्पोक टू’. बोलताना लोक बहुतेक वेळा हेच म्हणतात.