शब्दचर्चा : ‘सुचालन’, ‘दिक्चालन’ की ‘मार्गक्रमण’?

प्रश्न :
विकीवरील साहाय्यपान लिहिताना ‘सुचालन चौकट (म्हणजे संबंधित लेखांच्या दुव्यांची, ‘नेव्हिगेशन’ची चौकट) पानाच्या वर असावी की खाली’ असा वाद निघाला. बऱ्याच वेळाने लक्षात आले की एक सदस्य लेखाच्या तळाशी येणाऱ्या आडव्या चौकटीविषयी बोलत होते आणि दुसरे उजवीकडच्या उभ्या मालिका-चौकटीविषयी. ‘नेव्हिगेशन’साठी नेमका कोणता शब्द वापरावा, म्हणजे असा घोटाळा होणार नाही?

प्रतिसाद १ :
मूळ लॅटिन शब्दात ‘नौका’ आणि ‘हाकणे’ असे दोन घटक आहेत, त्यामुळे ‘नौकानयन’ व्युत्पत्तीला सर्वांत जवळचा. पण पानावर नौका नाही, तेव्हा तो बाद. ‘सुचालन’ रुळला असला तरी त्यात वाट किंवा दिशा कोठेच येत नाही, शिवाय हिंदीत ‘सुचालक’ म्हणजे विजेचा सुवाहक. ‘दिक्चालन’ त्या मानाने नेमका आहे.

प्रतिसाद २ :
क्रिया कोणाची, हे आधी पाहावे असे मला वाटते. ‘चालन’ म्हणजे दुसऱ्याने चालवणे, तर ‘मार्गक्रमण’ वाचक स्वतः करतो. पान त्याला केवळ वाट दाखवते. त्यामुळे संकल्पनेला ‘मार्गक्रमण’ म्हणावे, पण पानावरील घटकांना हे एकच नाव देऊ नये, कारण ते घटक वाचकाला वेगवेगळ्या वेळी लागतात आणि त्यांची जागाही त्यावरूनच ठरते. आपण चुकीच्या लेखावर आलो आहोत का, हे वाचनापूर्वी कळायला हवे, म्हणून सारख्या नावाच्या दुसऱ्या लेखाकडे नेणारी ओळ अगदी वर हवी. तिला ‘शिरटीप’ म्हणता येईल. एका मालिकेतील लेख वाचताना आपण कोठे आहोत हे दाखवणारी उभी चौकट मजकुराच्या बाजूला शोभते, ती ‘समासचौकट’. वाचून झाल्यावर ‘आता पुढे काय’ या प्रश्नाला उत्तर देणारी ‘तळचौकट’ मात्र संदर्भांच्या आणि बाह्य दुव्यांच्या खालीच असावी. विकिपीडिया ज्यावर चालतो ती मीडियाविकी प्रणाली लेख ज्या विषयवर्गांत मोडतो त्या वर्गांची पट्टी त्याहूनही खाली आपोआप दाखवते. छापील ग्रंथातही अनुक्रमणिका आरंभी आणि सूची अखेरीस असते, ती याच न्यायाने. पन्नास दुव्यांची चौकट व्याख्येच्या डोक्यावर बसवणे मला तरी वाचकाचा अवमान वाटतो.

प्रश्नकर्ता :
तिन्ही नावे पटली, पण ‘समास’ म्हटले की व्याकरणातला समास आठवतो. शिवाय मोबाइलवर समास उरतोच कोठे?

प्रतिसाद २ :
पहिल्या शंकेची मला फारशी चिंता वाटत नाही; वहीत समास सोडायला शिकलेल्या कोणालाही तो अर्थ सांगावा लागत नाही. दुसरी शंका रास्त आहे. अरुंद पडद्यावर बाजूची चौकट मजकुराच्या वर किंवा खाली जाते, आणि विकिपीडियाच्या मोबाइल रूपात तळचौकटी तर सहसा दिसतच नाहीत. म्हणून जो दुवा वाचकाला मिळालाच पाहिजे, तो केवळ चौकटीत न ठेवता लेखाच्या वाक्यात गुंफावा, निदान ‘हे सुद्धा पहा’ या विभागात तरी द्यावा. नाव ‘समासचौकट’च राहू द्यावे, साहाय्यपानावर मात्र ‘रुंद पडद्यावर उजवीकडे’ एवढे शब्द त्यापुढे जोडावेत.