पहिली नोकरी, कार्डाचं मिनिमम ड्यू आणि काकांची पॉलिसी... आधी काय निस्तरू?

बार्शीचा_पोरगा
नमस्कार मंडळी, वय २३, मे महिन्यापासून हिंजवडीत जॉबला लागलोय. ऑफर लेटरवर ४ लाख ८० हजार होतं म्हणून घरी सांगून बसलो की महिना ४० मिळणार, खात्यात येतात ३४,०३८. पीजी आणि मेसचे १३ जातात, ५ घरी पाठवतो, वडील एसटीत आहेत, तीन वर्षांनी रिटायर होतील.

घोळ दोन झालेत. जूनमध्ये क्रेडिट कार्डवर मोबाईल घेतला, बाकी खर्च धरून बिल आलं ४६ हजार, ॲपमध्ये मिनिमम ड्यू (निदान एवढे तरी भरा अशी रक्कम) २,३०० दिसलं म्हणून तेवढेच भरले, तीन महिने तेच चाललंय आणि अजून ४४,८०० बाकी दाखवतंय. दुसरं म्हणजे गणपतीत गावी गेलो तेव्हा चुलत काकांनी (एजंट आहेत) पॉलिसी काढून दिली, वर्षाला ५० हजार, २० वर्षं भरायचे, शेवटी २० लाख, म्हणजे डबल असं म्हणाले. पहिला हप्ता वडिलांनी भरला, सगळ्यांसमोर मला नको म्हणवेना. बॉन्ड (पॉलिसीचा मूळ कागद) गेल्या आठवड्यात घरी आलाय.

माझ्याकडे खात्यात ११ हजार आणि आजीने माझ्या नावावर ठेवलेली ५० हजारांची एफडी आहे. तिला हात लावायची अजिबात इच्छा नाहीये. काय करू सांगा.

मृणाल_ठाणे
आधी कार्ड. बाकी सगळं नंतर. स्टेटमेंटचं शेवटचं पान उघड, तिथे बारीक अक्षरात महिन्याचा व्याजदर दिलेला असतो, बहुतेक कार्डांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२. आता तुझाच हिशोब मांडते, ४६ हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे १,६१०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून २९०, झाले १,९००. तू भरतोस २,३००, म्हणजे मोबाईलच्या पैशातले फक्त ४०० फिटले, बाकीचे गेले. आणि अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, बाकी ठेवलीस की नवीन खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज कार्डाने किराणा घेतलास तर आजपासून व्याज.

आजीची एफडी मोड. मला माहितीये वाचून वाईट वाटेल, पण ती एफडी तुला वर्षाला सहा-सात टक्के देतेय आणि कार्ड ४२ नेतंय. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज अर्धा-एक टक्का कमी देईल, तेवढंच नुकसान. पूर्ण बिल भर आणि दर महिन्याला वाचलेले २,३०० त्याच बँकेत आरडीत टाक, पावणेदोन-दोन वर्षांत आजीची एफडी परत उभी राहते. मी स्वतः पहिल्या नोकरीत अकरा महिने मिनिमम भरलंय म्हणून एवढं कळवळून सांगतेय.

सोलापूरकर_७९
पॉलिसीचं बोलतो कारण त्यात तारीख आहे. बॉन्ड हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, नको असेल तर लेखी अर्ज देऊन परत करता येते, स्टँप ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी हप्ता परत मिळतो. तुझा एक आठवडा गेलाय. बॉन्ड कुठल्या तारखेला मिळाला ते वडिलांना विचार, पाकीट फेकू नका म्हणावं. ३० दिवस उलटले की हा रस्ता बंद, नंतर सोडायची म्हटलं तर भरलेल्यातलं बरंच जातं.

डबलचं गणित पण बघ. १० लाख भरून २० वर्षांनी २० लाख म्हणजे वर्षाला साधारण सव्वासहा टक्के. तेच ५० हजार दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले (१५ वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवून) तर आजच्या ७.१ टक्क्यांनी २२ लाखांच्या वर जातात, पोस्टात खातं निघतं. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं हे पण सांगून ठेवतो. आणि विमा किती आहे बघ, अशा पॉलिसीत बहुतेक वेळा हप्त्याच्या दहापट म्हणजे ५ लाख असतो. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर ५ लाखांत आईवडिलांचं काय भागणार? घर तुझ्यावर अवलंबून असेल तर साधा टर्म प्लॅन घे, त्यात शेवटी पैसे परत मिळत नाहीत पण कव्हर मोठं मिळतं.

एजंटची_लेक
माझे बाबा ३० वर्षं विमा एजंट होते म्हणून थोडं वेगळं मत. आमच्या गल्लीत असे कितीतरी लोक बघितलेत ज्यांच्या हातात कधी पैसा टिकला नाही आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी बाबांनी मागे लागून भरायला लावलेली पॉलिसीच कामाला आली, त्यामुळे काकांना लगेच लुबाडणारा समजू नकोस. पण तुझ्या पगारात ५० हजार म्हणजे जवळपास दीड महिन्याचा पगार, पुढचा हप्ता तू कुठून भरणार? परतच कर, पण अर्ज द्यायच्या आधी काकांना फोन कर. पॉलिसी परत गेली की त्यांचं कमिशन परत जातं, ते ऑफिसातून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे.

मृणाल_ठाणे
आणि पगाराचं राहिलं, बेसिक २० हजार आहे ना? मग १२ टक्के म्हणजे २,४०० तुझे पीएफला आणि २,४०० कंपनीचे, ते पण तुझ्या ४० मध्येच धरलेले. ग्रॅच्युइटीचे ९६२ पण त्यातच, ते नोकरी सोडताना मिळतात, सहसा पाच वर्षं झाल्यावर. २०० प्रोफेशनल टॅक्स, फेब्रुवारीत ३०० कापतील. पीएफचे ४,८०० दर महिन्याला तुझ्याच नावावर पडतायत, यूएएन (तुझा पीएफचा नंबर) ॲक्टिव्हेट करून पासबुक बघ आणि नोकरी बदललीस की काढू नकोस, ट्रान्सफर कर.

बार्शीचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. पीएफ पासबुक बघितलं, चार महिन्यांचे १९,२०० जमा आहेत, मला वाटत होतं ते कापले म्हणजे गेले. आजीला रात्री फोन केला, घाबरत सांगितलं, ती म्हणाली अरे तुझ्यासाठीच ठेवलेत, व्याज कशाला भरतोस. एफडी मोडली, आज ४४,८०० आणि वरचं व्याज सगळं भरून टाकलं. बॉन्ड १२ तारखेला मिळालाय, शनिवारी गावी जातोय, आधी काकांच्या घरी जाणार मग अर्ज. वडिलांना अजून सांगितलं नाहीये, ते नाराज होतील असं वाटतंय. अर्जात कारण काय लिहायचं असतं? कोणी केलं असेल तर सांगा.

सोलापूरकर_७९
अटी मान्य नाहीत एवढं लिहिलं तरी पुरतं. पॉलिसी नंबर, बॉन्ड मिळाल्याची तारीख, बँक खात्याचा कॅन्सल चेक आणि मूळ बॉन्ड जोड. शाखेत अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. शनिवारी शाखा बंद असली तर अर्ज वडिलांकडे सही करून ठेव, सोमवारी ते देतील, आणि त्यासाठी त्यांना शुक्रवारीच सांगावं लागेल.