मदत हवी आहे : डर्बीच्या रविवारी चौलहून महालक्ष्मीला जाऊन त्याच रात्री परत कसे यावे?

नमस्कार. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मी रेसकोर्सवर होणारी इंडियन डर्बी पाहण्यासाठी वडिलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. आम्ही अलिबागजवळ चौलला राहतो. आपल्याकडच्या किनाऱ्यावरील बैलगाडी आणि घोडागाडीच्या शर्यती त्यांनी आयुष्यभर पाहिल्या. १९४३ पासून चालत आलेली, चार वर्षांच्या घोड्यांची ही २४०० मीटरची शर्यत मात्र त्यांनी आजवर फक्त वर्तमानपत्रात वाचली आहे. पैसे लावण्यात आम्हा दोघांनाही रस नाही. वडिलांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे असून गुडघे दुखत असल्यामुळे जिने आणि लांबची पायपीट शक्य तितकी टाळायची आहे. शिवाय सोमवारी सकाळी मला कामावर हजर राहणे भाग असल्याने मुंबईत मुक्काम करता येणार नाही.

जाण्याची फारशी काळजी नाही. रविवारी सकाळी पर्यटकांची गर्दी मुंबईकडून मांडव्याकडे येते. आपण उलट दिशेने निघत असल्यामुळे गेटवेची बोट मिळायला अडचण येऊ नये. प्रश्न परतीचा आहे. शर्यत अडीच मिनिटांच्या आसपास संपते, परंतु ती पाहायला जमलेली सारी गर्दी त्यानंतर एकाच वेळी बाहेर पडणार आणि तोपर्यंत संध्याकाळ झालेली असणार. त्या गर्दीतून वाट काढून मांडव्याची शेवटची बोट गाठणे कितपत शक्य आहे? डर्बीनंतर आणखी शर्यती असतील तर त्या सोडून निघण्याची आमची तयारी आहे.

स्वतःची गाडी घेऊन वडखळ, पेण आणि अटल सेतूमार्गे जाण्याचाही पर्याय आहे; सेतूचा एका फेरीचा २५० रुपयांचा टोल परवडेल, पण डर्बीच्या दिवशी त्या परिसरात गाडी कोठे लावावी, हे मला सुचत नाही. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : वरसोलीकर

गाडी शक्यतो नेऊ नये. हाजीअली चौकात त्या दुपारी जे अडकतात, त्यांना रेसकोर्सचे कुंपण दिसत राहते आणि प्रवेशद्वार काही येत नाही. त्यातच परतताना रविवारची संध्याकाळ आहे. अलिबागहून मुंबईला परतणाऱ्या गाड्यांची रांग कार्लेखिंड ते वडखळ या अरुंद रस्त्यावर लागते. तुम्ही उलट दिशेने येत असलात तरी ओव्हरटेक करणारे समोरून तुमच्याच बाजूला घुसतात, त्यामुळे रस्ता दोन्हीकडून तुंबतो.

सकाळी मांडव्याहून गेटवेला जावे, मात्र त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण ओहोटीला गेटवेच्या ओल्या पायऱ्या जास्त चढाव्या लागतात आणि वडिलांच्या गुडघ्यांना त्या जड जातील. तेथून टॅक्सीने हुतात्मा चौकापर्यंत जाऊन भुयारी मेट्रो पकडावी आणि महालक्ष्मी किंवा सायन्स सेंटर स्थानकावर उतरावे. स्थानकांत लिफ्ट आहेत. पश्चिम रेल्वेच्या लोकलवर रविवारी भिस्त ठेवू नये. ब्लॉक असला की धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि त्या महालक्ष्मीला थांबत नाहीत.

परतीसाठी मी गेटवेऐवजी भाऊचा धक्का सुचवेन. मांडव्याची रो-रो (गाड्याही वाहून नेणारी) बोट तेथून सुटते, तिचे तिकीट आधी आरक्षित करता येते आणि गाडीशिवाय प्रवास करणाऱ्यांनाही ती घेते. महत्त्वाचे म्हणजे रेसकोर्सच्या पूर्वेकडून, डॉ. ई. मोझेस मार्गाच्या बाजूने बाहेर पडावे आणि थोडे पुढे जाऊन टॅक्सी करावी. सात रस्ता, भायखळा, माझगाव असा मार्ग धरल्यास हाजीअलीच्या कोंडीशी संबंधच येत नाही. मुंबईहून मांडव्याकडे रविवारी संध्याकाळी गर्दीही कमी असते.

प्रतिसाद : सातरस्ता

वरसोलीकरांशी जाण्याच्या मार्गाबाबत मी पूर्ण सहमत आहे, परतीबाबत नाही. वय झालेल्या माणसाला घेऊन घड्याळाकडे पाहत डर्बी पाहण्यात काय गंमत? बोट चुकली तर रात्री धक्क्यावर उभे राहून पुढचा विचार करावा लागतो. त्यापेक्षा मुंबई सेंट्रलचे एसटी आगार रेसकोर्सपासून अगदी जवळ आहे. तेथून अलिबागच्या गाडीचे आरक्षण करून ठेवावे आणि शर्यत संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत निवांत बसून मग निघावे. वडखळच्या पुढे वेळ लागेल हे खरे, पण वडील बसलेले असतील आणि बोटीत चढण्या-उतरण्याचा त्रास वाचेल. अगदीच गाडी मिळाली नाही तर हार्बरने पनवेल गाठून तेथून अलिबागची एसटी धरता येते, मात्र तो मार्ग मी शेवटचा ठेवेन, कारण पनवेल स्थानकापासून एसटी स्थानकापर्यंत पुन्हा रिक्षा शोधावी लागते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोटारीचा विचार सोडून दिला आहे. सकाळी बोट आणि मेट्रो हे निश्चित. परतीसाठी मुंबई सेंट्रलहून रात्रीच्या एसटीची दोन आसने आरक्षित करीन, कारण बोटीने आलो तरी मांडव्याहून चौलपर्यंत रात्रीच्या वेळी वाहन मिळवणे हा वेगळाच प्रश्न उरतो, तो मी आधी विचारात घेतला नव्हता. अलिबाग स्थानकावर रात्री उशिरा उतरल्यावर चौल-रेवदंड्याकडे जाणाऱ्या रिक्षा उभ्या असतात का, की एखाद्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवणे बरे, एवढे कोणी अलिबागकराने सांगावे.