घाणेरीला कायदा हवा की कुदळ?

माळटिटवी: "घाणेरी काढायला कायदा कशाला, चार कोयते द्या," ही पोस्ट कालपासून फिरतेय. अहो, घाणेरी म्हणजे टणटणी, रानभर माजलेलं परदेशी झुडूप; कोयत्याने वरून छाटली की बुडातून दुप्पट फुटवे येतात! मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर कुदळीने तोडायचं, तेही फळं धरायच्या आत. झुडूप उलटं टाकायचं, नाहीतर फांद्या पुन्हा मुळं धरतात. पुढे निदान दोन-तीन पावसाळे, पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपं वेचायची. मोकळ्या जागी पवन्या, मारवेल ही देशी गवतं पेरली नाहीत तर रानमोडी हे दुसरं परदेशी तण शिरलंच. हे सक्तीशिवाय कोण करणार?

कलमबहाद्दर: सक्ती कुठाय? वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२अ आलं, १ एप्रिल २०२३ पासून लागू. परदेशी आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणं, फैलाव यांवर केंद्र अधिसूचना काढून बंदी घालू 'शकतं'. जप्त करून नष्ट करायला अधिकारी नेमता येतो, पण रानातली झुडपं काढायची सक्ती कुणावर, पैसा कुणाचा, त्यात अवाक्षर नाही.

माळटिटवी: असली परदेशी रोपं विकणाऱ्या रोपवाटिकांना तरी चाप बसेल.

देवराई: रोपवाटिका म्हणालात, मग गिरीपुष्पाचं (ग्लिरिसिडिया, हेही परदेशी झाड) बोला की! सरकारी वनीकरणातच लावलंय. पुण्याच्या वेताळ टेकडीवर बघा, खाली गवताला ऊन मिळत नाही.

बांधकरी: गिरीपुष्पाला हात लावू नका. बांधावरचा हुकमी पाला आहे तो, नत्र देतो. उद्या 'बाळगणं' गुन्हा ठरलं तर पहिली नोटीस आम्हालाच.

देवराई: बांधावर तुम्ही फुलायच्या आत छाटता. टेकडीवर शेंगा तडकून बी लांब उडतं. नुसता बुंधा तोडलात तर धुमारे फुटतात. आधी खाली देशी रोपं धरवायची, मग टप्प्याटप्प्याने तोडायचं.

बांधकरी: म्हणजे दोष न छाटणाऱ्याचा. झाडाला कशाला फाशी?

देवराई: बरं, तुमचा बांध सोडला. टेकडी सोडणार नाही.

कलमबहाद्दर: बांध-टेकडी झालं असेल तर घाणेरीकडे या. त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून काढलेला वनोपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरताच, व्यापारी वापर बंद. कर्नाटकात माले महादेश्वरच्या डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काठ्या उकळून, सोलून खुर्च्या करतात. उपटणाऱ्याला त्यात चार पैसे सुटतात. पण अभयारण्यातल्या काठीची खुर्ची विकायची म्हटली की कलम आडवं येतं. इथे सूट द्या.

माळटिटवी: सूट दिली की ठेकेदार जाड खोडं तेवढी नेणार. रोपं वेचायला येणार का तो?

कलमबहाद्दर: नाही येणार. मग परवान्यात तीन वर्षांची वेचणी घाला, अनामत शेवटच्या पावसाळ्यानंतर परत.

माळटिटवी: हं. म्हणजे शेवटी सक्तीच ना?